ओला, सुका आणि कलात्मक

वेताळ टेकडीवर सकाळी फिरताना एखादे साठीचे गृहस्थ वाटेतच वाकून खाली बसले, तर पूर्वी चार माणसं धावत यायची. कुणी पाण्याची बाटली पुढे करायचं, कुणी 'शुगर आहे का?' असं दरडावून विचारायचं आणि एखादे निवृत्त डॉक्टर कुणी न सांगता नाडी धरायचे. आता कुणी ढुंकून बघत नाही. गृहस्थ शेंग उचलतायत, हे लांबूनच कळतं. खिशातून कापडी पिशवी निघते, शेंग उन्हाकडे धरून उलटसुलट पाहिली जाते, पसंत पडली तर आत जाते आणि गृहस्थ गुडघ्यांवर हात टेकून 'आई गं' म्हणत उभे राहतात. त्यांना टेकडीवर धाडलेलं असतं वजन कमी करायला. जाताना हलके जातात, येताना दोन किलो वाढवून येतात.

माझा नवरा याच पंथातला. बँकेत असताना त्यानं जन्मभर दुसऱ्यांच्या ठेवी सांभाळल्या, निवृत्तीनंतर स्वतःच्या ठेवायला लागला. वाळकी फुलं, शेंगा, बिया, काटक्या, झाडाच्या साली, सुगरणीचं खाली पडलेलं घरटं. यातून त्याला घरगुती कलावस्तू करायच्या असतात: भिंतीवरच्या फ्रेमी, तोरणं, भेटकार्डं, दिव्यांच्या शेड. करणं थोडं आणि जमवणं फार, हे या छंदाचं खरं स्वरूप. पण ते कुठल्याच कार्यशाळेत सांगत नाहीत. बँकेची शिस्त हाडात मुरलेली, त्यामुळे घरात आवक रजिस्टर आहे. तारीख, ठिकाण, झाडाचं नाव, नग, शेरा. 'महोगनी, कोपऱ्यावरचं झाड, नग सात, पैकी एक किडकं.' शेवटच्या रकान्यात सुरुवातीला माझी सही लागायची, कारण एकानं नोंदवायचं आणि दुसऱ्यानं तपासायचं, असा म्हणे बँकेचा दंडक असतो. 'जावक रजिस्टर कुठाय?' असं मी विचारल्यापासून सही मागणं बंद झालं.

शेंगा सुंदर असतात, हे मात्र मी नाकारणार नाही. महोगनीचं लाकडी फळ तळाकडून उकलतं आणि त्याच्या पाच जाडजूड पाकळ्या होतात. सुताराला सांगूनही इतकं नेटकं काम होणार नाही. पिचकारीची शेंग फुटली की नुसती होडी. बहाव्याची काळी नळी हलवली की आत बिया खुळखुळतात. टेटूची शेंग तलवारीएवढी आणि तिच्यातली प्रत्येक बी पारदर्शक पापुद्र्यात बसवलेली, फुंकर मारली की घरभर तरंगणारी. (ती घरभर तरंगते आणि मग केर काढणाऱ्या माणसाला सोफ्याखाली सापडते. तो माणूस मी.) गिरिपुष्पाच्या शेंगा तर आणल्या तरी गप्प बसत नाहीत. टेकडीवर पूर्वी झालेल्या लागवडीत हे झाड भरपूर लावलंय आणि उन्हाळ्यात त्याच्या शेंगा तडकून पीळ खात फुटतात. त्यातल्या काही आमच्या कपाटावर ठेवल्या होत्या. त्या रात्री एकेक करून फुटायला लागल्या, तेव्हा खालच्या मजल्यावरून फोन आला, 'तुमच्याकडे काही पडतंय का?'

यात सगळ्यात मोठी म्हणजे गारंबी. सह्याद्रीच्या दाट जंगलातला महावेल, आणि त्याची शेंग माणसाच्या हातापेक्षा लांब, चपटी, तपकिरी, लाकडासारखी टणक. तळकोकणातून परतताना एका ओळखीच्यांनी ती आम्हाला प्रेमानं दिली. बॅगेत मावेना, वरच्या फळीवर राहीना, म्हणून पुण्यापर्यंत एसटीत ती माझ्या आणि नवऱ्याच्या मध्ये उभी होती. कंडक्टरनं आधी शेंगेकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे, मग बराच वेळ माझ्याकडे. आणि तिकीट न मागता पुढे गेला. एक गोष्ट मात्र नवऱ्याच्या बाजूनं सांगायला हवी. कासच्या पठारावरून तो पाकळीसुद्धा उचलत नाही. तिथे फुलं तोडणाऱ्या एका कुटुंबाला त्यानं जागतिक वारसा म्हणजे काय, २०१२ साली पश्चिम घाटाला तो दर्जा कसा मिळाला, हे उभ्या पावसात इतकं सविस्तर समजावलं, की त्या लोकांनी फुलं तर टाकलीच, डब्यातल्या पुऱ्याही अर्ध्या ठेवून पळ काढला.

शेंगांचं एक बरं असतं, त्या झाडावरूनच वाळून येतात. फुलं वाळवावी लागतात. आणि फुलं दाबून वाळवायला टेलिफोन डिरेक्टरीसारखी वस्तू जगात झाली नाही. खरखरीत, ओल शोषणारा कागद, भरपूर पानं, शिवाय स्वतःचंच वजन. हल्लीची गुळगुळीत मासिकं या कामाला कुचकामी, फुलाचं पाणी शोषायचं सोडून ते फुलालाच परत देतात. डिरेक्टरी छापणं बंद झालं तेव्हा सगळ्यांनी मोबाइल काढून दाखवला, हळहळले फक्त हे लोक. आमच्याकडे पुण्याची एक जुनी डिरेक्टरी उरली आहे आणि तिच्यात जागावाटप ठरलेलं आहे. जोश्यांची आणि कुलकर्ण्यांची पानं सर्वांत जास्त, म्हणून जाड फुलं त्यांच्यात. बोगनवेल देशपांड्यांत, तेरडा गोखल्यांत. ज्यांची आडनावं अर्ध्या रकान्यात आटपतात, त्यांच्या वाट्याला गवत. 'अगं, ती निळी गोकर्ण कुठे ठेवलीय?' 'कुलकर्ण्यांकडे बघ, एस. व्ही. पर्यंत गेलास की दिसेल.' हा संवाद ऐकून एकदा दारात आलेल्या पाहुण्यांनी बाहेरच्या बाहेर चपला घातल्या होत्या.

विरोध केला की नवरा शास्त्र काढतो. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात ब्लॅटर हर्बेरियम आहे, तिथे शंभर वर्षांपूर्वी दाबून वाळवलेल्या वनस्पती आजही संशोधकांना उपयोगी पडतात. वनस्पतिशास्त्रज्ञ वर्तमानपत्रात फुलं दाबतात आणि पहिले काही दिवस कागद रोज बदलतात, नाहीतर बुरशी धरते. म्हणून आमच्याकडे रद्दी देत नाहीत. एमिली डिकिन्सन ही अमेरिकन कवयित्री शाळकरी वयात होती तेव्हा तिनं ४२४ वनस्पती दाबून वही केली, ती हार्वर्ड विद्यापीठात जपून ठेवलीय, हे तर तो पाहुण्यांना चहाच्या आधीच सांगतो. मी म्हटलं, 'तिनं शिवाय जवळजवळ अठराशे कविताही केल्या. आणि मुख्य म्हणजे मोठेपणी ती घराबाहेर फारशी पडायचीच नाही. तू रोज पिशवी घेऊन पडतोस.'

गुलाब, शेवंती, डेलिया अशी भरदार फुलं दाबून चालत नाहीत, त्यांची भाकरी होते. ती भुकटीत पुरून वाळवायची. त्यासाठी सिलिका जेल लागतं. निळे दाणे ओल शोषून गुलाबी झाले की ते ओव्हनमध्ये गरम करायचे, पुन्हा निळे होतात आणि पुन्हा कामाला लागतात. नवऱ्यानं पहिल्यांदा बुटांच्या खोक्यांतल्या 'खाऊ नये' लिहिलेल्या पुड्या जमवायला सुरुवात केली. सोसायटीत कुणी नवे बूट घेतले की दुसऱ्या दिवशी हा हजर. पण ते दाणे जाड, पाकळ्यांवर त्यांचे खळगे उमटतात; गुलाबाला देवी आल्यासारखं दिसतं. मग स्वस्त उपाय म्हणून रवा आणि टाकणखार यांचं मिश्रण झालं. उपाय जुना आहे आणि चालतोही. अडचण एवढीच, की रवा रव्याच्याच डब्यात ठेवला होता. मी उपम्यासाठी डाव घातला आणि वर आला तो एक पिवळा गुलाब, देठासकट. त्या दिवसापासून टाकणखाराच्या डब्यावर कवटीचं चित्र आहे आणि आमच्याकडे नाश्त्याला पोहे होतात.

एवढं करून रंग टिकेल याची खात्री नाहीच. लाल गुलाब वाळला की काळपट होतो, पांढरं फूल चहा सांडल्यागत तपकिरी पडतं, आणि जास्वंद तर चिकट जांभळी होऊन कागदाला अशी बिलगते की तिला कागदासकटच कापावं लागतं. झेंडू मात्र इमानदार. त्याचा केशरी रंग गाजराच्या रंगाच्या जातकुळीतला असतो, तो सहजासहजी उडत नाही. त्यामुळे दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी लोक दारावरची तोरणं उतरवतात आणि आमच्या घरची माणसं ती खालून गोळा करून आणतात.

इथे सासूबाईंचा प्रवेश होतो.

सासूबाईंच्या मते वाळलेलं फूल म्हणजे निर्माल्य, आणि निर्माल्य घरात भिंतीवर चौकट करून लावणं म्हणजे घराला अवकळा आणणं. नवऱ्यानं त्यांना तुतनखामेनची गोष्ट सांगितली. १९२२ साली इजिप्तमध्ये त्याचं थडगं सापडलं, आणि त्याच्या शवपेटीवर कपाळापाशी ऑलिव्हची पानं आणि निळ्या फुलांचा एक छोटा हार होता. तीन हजार तीनशे वर्षं उलटली तरी त्यात रंगाची झाक उरली होती. सासूबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, 'म्हणजे प्रेतावरचाच हार ना?' त्या मुद्द्यावर नवऱ्याकडे उत्तर नव्हतं. माझं म्हणणं असं, की तीन हजार वर्षं त्या हाराचं विसर्जन झालं नाही याचं कारण इजिप्तची कोरडी हवा असेलही, पण घरात एखादी सासू असती तर तो दुसऱ्या दिवशीच नाईलमध्ये गेला असता.

गंमत अशी की वाळवण्याच्या बाबतीत या बाईंचा हात कुणी धरणार नाही. त्यांच्या हयातीत आमच्या गच्चीवर सांडगे, कुरडया, आमसुलं, मिरच्या, आवळकाठी यांनी व्यापली नाही अशी जागा उरलेली नाही. कपाटात साड्यांच्या घड्यांमध्ये केवड्याचं पान, तळाशी बकुळीची माळ. बकूळ वाळून कोळ झाली तरी वास सोडत नाही, म्हणून ती निर्माल्यात मोडत नाही, असा त्यांचा स्वतंत्र निवाडा आहे. मुचकुंदाची वाळकी फुलंही त्याच सवलतीत बसतात. म्हणजे वासासाठी आणि पोटासाठी वाळवलेलं चालतं, डोळ्यांसाठी नाही. मला हा निकष पटतो. नवरा आधी फुलं बिनवासाची करतो आणि मग बाजारातून अत्तर आणून त्यांच्यावर शिंपडतो, यात काय साधतं?

शिवाय सासूबाई या विषयात नवशिक्या नाहीत. त्यांच्या लग्नात त्यांनी स्वतः केलेलं रुखवत मांडलं होतं. सुपारीचे नवरा-नवरी, सुपारीचेच शेंडीवाले भटजी, कापसाचं वऱ्हाड, डाळींचं तुळशीवृंदावन आणि सगळ्यांच्या मधोमध लवंगा-वेलदोड्यांचा दुमजली बंगला. आज ज्याला नैसर्गिक साहित्यातून हस्तकला म्हणून शनिवार-रविवारच्या कार्यशाळा भरतात, ते सगळं मुलीच्या लग्नात तिच्या आत्यांनी आणि मावश्यांनी कुठल्याही प्रमाणपत्राशिवाय केलेलं असायचं. त्या बंगल्याला काचेची पेटी आहे आणि ती आमच्या माळ्यावर आहे. नवऱ्यानं एखादी नवी फ्रेम दाखवली, की सासूबाई फक्त माळ्याकडे बघतात.

पिंपळपानाच्या जाळीनं तर आमचे पालिकेशी संबंध आले. लहानपणी पुस्तकात मोरपीस, विद्येचं पान आणि जाळीदार पिंपळपान ठेवलेलं असायचं. ते आपोआप जाळीदार होतं असं आपल्याला वाटायचं. ते होत नसतं. पान पाण्यात कित्येक दिवस कुजवायचं, त्याचा गर सुटला की जुन्या दात घासायच्या ब्रशनं हलकेच काढायचा, मग शिरांचं जाळं उरतं. ज्यांना घाई किंवा नाक आहे, ते धुण्याच्या सोड्यात पानं उकळतात. नवऱ्याला घाई नव्हती. बाल्कनीत बादली भरून पानं कुजत होती, आणि पावसाळ्याच्या तोंडावर डासांच्या अळ्या शोधणारे पालिकेचे कर्मचारी दारात आले. त्यांनी बादलीचं झाकण उचललं, लगेच ठेवलं, आणि विचारलं, 'साहेब, हे काय आहे?' नवऱ्यानं त्यांना पिंपळपानावर चितारलेला गणपती दाखवला. त्यांनी गणपतीला नमस्कार केला, बादली स्वतःच्या हातानं संडासात ओतली आणि वहीत काहीतरी लिहून गेले.

पाऊस सुरू झाला की या संग्रहाला प्राण फुटतात. फ्रेमीच्या काचेआड पांढरी बुरशी चढते, कागदाला कसर लागते, बियांतून सोंडे बाहेर पडून भिंतीवर फिरायला निघतात. शिमल्याच्या सहलीतून आणलेली पाइनची शंकूफळं हवेतल्या ओलीनं खवले मिटून घेतात आणि कोरडं पडलं की पुन्हा उघडतात, हा त्यांचा धर्म आहे. नवरा त्यांच्यावरून पावसाचा अंदाज सांगायला लागला. त्यात मला तरी वावगं दिसलं नाही. १९२८ साली हवामान खात्याचं मुख्यालय शिमल्याहून पुण्यालाच आलं होतं, शिवाजीनगरच्या त्या वास्तूला लोक अजून शिमला ऑफिस म्हणतात. एक शाखा आमच्या शोकेसवर निघाली, इतकंच. तेवढ्यात सासूबाईंनी माळ्यावरून पेटी उतरवायला लावली. बंगला जसाच्या तसा. लवंगांच्या वाटेला कीड गेली नव्हती. त्यांनी काच पुसली, बंगला शंकूफळांच्या शेजारी ठेवला आणि वर काही बोलल्या नाहीत. फक्त त्या दिवशी चहा जरा जास्त साखरेचा मागितला.

नवऱ्याच्या फ्रेमींना बाजार मिळेल असं मला मधल्या काळात वाटलं होतं. २०१८ साली थर्माकोलवर बंदी आल्यापासून गणपतीच्या मखराला झावळ्या, काथ्या, सुपारीची विरी, वाळकी पानं यांना भाव आला आहे. म्हणून सोसायटीच्या प्रदर्शनात आमचंही टेबल लागलं. प्रदर्शनाला येणाऱ्या बायका विकत घ्यायला येत नाहीत, कसं केलं ते बघायला येतात. 'हे कशाचं आहे? झेंडूचं? अय्या, मग हे तर घरीच होईल.' दुसऱ्या म्हणाल्या, 'एवढे पैसे? या शेंगा तर गेटपाशी पडतात.' त्याच बाई गेल्या महिन्यात मॉलमधून काचेच्या बरणीत तीन काड्या आणि कापसाची बोंडं घालून आणल्याचं सांगत होत्या, ती बरणी हजारांत होती. तिच्यावर मात्र परदेशी शहराचं नाव होतं. त्या प्रदर्शनात एकच वस्तू उठून दिसली, गुंजा लावलेला मोर. तो मीच परत पिशवीत घातला. गुंजेचं वजन सोनार वापरायचे ते ठीक, पण ती बी फोडून पोटात गेली तर जीवघेणी असते, आणि टेबलाभोवती नातवंडं घिरट्या घालत होती.

तर अशा रीतीनं भिंती भरल्या. एका पावसाळ्यात बुरशीनं पार गेलेली एक मोठी फ्रेम काढून टाकायला नवरा तयार झाला, आणि मी घाईघाईनं, त्याचं मन बदलण्याआधी, ती कचरा न्यायला येणाऱ्या मावशींसमोर धरली. मावशींनी ती हातात घेतली, पालथी केली, नखानं एक पाकळी खरवडून पाहिली.

'काकू, हे कशात धरायचं? फुलं ओल्यात जातील, काच सुक्यात जाईल. पण फुलांना डिंक लावलाय, वर चमकी मारलीय, मागं तार हाय. हे ओल्यात टाकलं तर खत खराब होतंय, सुक्यात टाकलं तर सुकं सडतंय. सगळं सुटं करून द्या.'

नवरा आतून पक्कड घेऊन आला. पाऊण तास खटपट झाली. पाकळ्या तुटल्या, पुठ्ठा फाटला, चमकी सगळ्यांच्या हातांना लागली, पण फ्रेम सुटी झाली नाही. माणसानं भक्कम काम केलं होतं, त्याचा मला पहिल्यांदाच रास्त राग आला. सासूबाई आतून म्हणाल्या, '२०१६ सालच्या नियमात तिसरा प्रकार आहे, घातक. त्यात घाल.' त्या पेपर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचतात.

मावशींनी मान हलवली. त्यांच्या ढकलगाडीला पाठीमागे एक वेगळी गोणी अडकवलेली होती. त्यांनी ती पुढे ओढली.

'पलीकडच्या इमारतीतले एक काका पण करतात असलं. त्यांनी पण सुटं करून दिलं नाही, तसंच टाकून गेले. तीन आहेत. काका, तुम्हाला पाहिजेत का?'

नवऱ्यानं पक्कड खिशात घातली आणि गोणीत डोकावला.

'काच फुटलेली नाही ना?'